सगळ्यांत कमी वळणारी रेघ

"ती खुर्ची तुम्ही नेताय, की देऊ भंगारात?" फोनवरची बाई म्हणाली. ऐकणारीला वाटलं, नंबर चुकला असेल. दुपारच्या चहाची वेळ होती. एका हातात कप होता आणि समोरच्या पडद्यावर एका पुलाची रेघ अर्धी काढून थांबलेली होती. "कुठली खुर्ची?" "अहो, तुमच्या भावाची. वेताची, खिडकीतली. रंगारी आलाय. दारामागच्या भिंतीवर पेन्सिलीनं नंबर लिहिलेला दिसला, वर 'ताई' म्हणून. म्हटलं, पुसायच्या आत विचारून घ्यावं." तिनं कप टेबलावर ठेवला, फार जपून, जणू या घडीला सांभाळायची वस्तू तेवढीच होती. "खोली कधी सोडली त्यानं?" हे विचारताना तिला लाज वाटली, सख्ख्या भावाचं नाव परक्या बाईला विचारावं तशी. "थंडी पडायच्या आधीच की! तुम्हाला ठाऊक नाही?" घरमालकिणीचा आवाज एकदम हळू झाला. दुसऱ्याच्या घरातली फट अचानक दिसली की होतो तसा. "मधे एक भाडेकरू येऊनसुद्धा गेला. तुमचा भाऊ म्हणाला होता, खुर्ची न्यायला येतो. चांगला होता हो माणूस. आवाज नाही की काही नाही. शेवटी शेवटी तर बोलायचाच नाही." "ठेवा," ती म्हणाली, "खुर्ची ठेवा. आम्ही नेतो." कोण नेणार, कसं, आणि नेऊन कोणाला बसवणार, काही ठाऊक नव्हतं. फोन बंद झाला. बाहेर ऊन चांगलंच तापायला लागलं होतं. थंडी येऊन, मुक्काम करून केव्हाच परतली होती. आणि त्या सगळ्या थंडीत धाकटा तिला फोनवर सांगत आला होता, "मस्त खिडकीतल्या खुर्चीत बसलोय ताई, पाय पसरून."

ऑफिसात तिला रफूवाली म्हणत. नाव शेजारच्या टेबलावरच्या माणसानं ठेवलं होतं. त्याचे स्वतःचे केस तिशीतच पांढरे झालेले, म्हणून त्याला सगळे आजोबा म्हणत, आणि त्याचा सूड तो जगाला नावं ठेवून उगवी. पण हे नाव तिला बोचलं नव्हतं. काम खरंच रफूचं होतं. गावोगावच्या पुलांना, धरणांना, उंच टाक्यांना छोट्या छोट्या डब्या चिकटवलेल्या असत. पूल किती थरथरतो, टाकी किती कलते, ते त्या डब्या अधूनमधून कळवत. कळवत म्हणजे पडद्यावर एकेक ठिपका येऊन बसे. ठिपके सारख्या अंतरावर आले असते तर सोपं होतं. पण डब्या माणसांसारख्याच. कधी एकामागून एक घाईघाईनं सांगत सुटायच्या, कधी लांबलचक गप्प बसायच्या. त्या वेड्यावाकड्या ठिपक्यांमधून रेघ ओढायची, ठिपक्या-ठिपक्यांमध्ये पूल काय करत होता ते ओळखायचं, एवढंच तिचं काम. एकाच ठिपक्यांच्या ओळीतून हव्या तितक्या रेघा जाऊ शकतात, हे तिला पहिल्या दिवशीच शिकवलं होतं. एखादी रेघ मधल्या जागेत आभाळाला जाऊन येईल, एखादी पाताळात बुडून वर निघेल, आणि दोघी पुढच्या ठिपक्यावर वेळेवर हजर होतील, केस विंचरून, काही झालंच नाही अशा चेहऱ्यानं. मग खरी कोणती? तर आधी ठरवायचं, की ही वस्तू जास्तीत जास्त किती झपाट्यानं बदलू शकते. पूल दगडी आहे, जड आहे, तो काही पाखरासारखा एकाएकी दिशा बदलणार नाही. असं एकदा मानलं की बाकीच्या रेघा गळून पडतात आणि उरते ती सगळ्यांत कमी वळणारी. तीच काढायची. ती काढण्यात तिचा हात इतका बसला होता की जोड कुठे आहे ते साहेबांनाही सापडत नसे.

आता तिला समोरच्या पुलाऐवजी धाकट्याचे ठिपके दिसत होते. तो सहा तासांच्या अंतरावरच्या शहरात चष्म्याच्या दुकानात काचा घासायचा. फोन करायचा तो त्याच्या लहरीनं. कधी आठवड्यात दोनदा, कधी महिना महिना पत्ता नाही. "ताई, आज एका म्हातारीला नवा चष्मा दिला, तर ती मला म्हणाली, अरे, तू एवढा काळा आहेस होय?" असा तो यायचा, हसत, धाप लागल्यासारखा, आणि दोन-चार गोष्टी सांगून निघून जायचा. आई विचारी, "आला होता का गं त्याचा फोन?" ती म्हणे, "मागल्या आठवड्यात नाही का आला? बरा आहे." मागल्या आठवड्यात बरा होता, त्याच्या आधीही बरा होता, म्हणजे मधेही बराच असणार. तो काही एकाएकी बदलणारा नाही. दगडी आहे आपला धाकटा. बरा आहे, बरा आहे, अशी सरळ रेघ ती कित्येक वर्षं आईच्या हातात देत आली होती, आणि आई ती घडी घालून ठेवून देत होती. आता त्या रेघेच्या मधोमध कोणीतरी एक रिकामी खुर्ची ठेवली होती, आणि रेघ तिच्यावरून जाईना.

ती जिन्यात गेली. त्याचा नंबर बंद होता. तो बंदच असे. "माझा बिघडलाय, मित्राच्या फोनवरून बोलतोय," असं तो म्हणे, आणि दर वेळी मित्र निराळा असे. तिनं ते निराळे नंबर लावले. एक फळवाला निघाला. "हां हां, मागून घेतला होता कोणीतरी. हसरा होता," तो म्हणाला. दुसरा कुठल्याशा दवाखान्याच्या दारावरचा रखवालदार. त्याला आठवेना. चष्म्याच्या दुकानातला मालक म्हणाला, "त्यानंच सोडलं हं काम, आम्ही नाही काढलं. हात थरथरायचे त्याचे. काच धरायची म्हणजे हात कसा पाहिजे!" तिनं विचारलं, कुठे असेल तो? मालक म्हणाला, "बाई, तुम्ही बहीण ना त्याची?" पोलिसांकडे जावं असं तिच्या मनात आलं, आणि ती स्वतःशीच कडवट हसली. काय सांगणार? हरवलाय. शेवटचा फोन कधी आला? आत्ताच, गेल्या आठवड्यात. काय म्हणाला? मस्त चाललंय म्हणाला. असा माणूस हरवलेला कसा म्हणायचा? जिन्याच्या खिडकीतून खालचा रस्ता दिसत होता. माणसं सावली धरून चालली होती. त्या फोनांच्या मागे काय काय ऐकू येत होतं, ते ती आठवू लागली. एकदा आवाज घुमत होता, विहिरीत बसून बोलावं तसा. तिनं विचारलं, तर म्हणाला, "खोलीतलं सामान हलवलंय ना, म्हणून." एकदा मागून कोणी नंबर पुकारत होतं, नंबर आणि मग स्टूल सरकल्याचा आवाज. एकदा नुसतं पाणी. यातून काय रेघ ओढणार? तिनं सगळ्या ओढून पाहिल्या. प्रत्येकीत तो निराळ्याच ठिकाणी बुडत होता आणि प्रत्येकीच्या शेवटी हसत वर येऊन म्हणत होता, "ताई!"

ती परत जागेवर आली तर आजोबा तिच्या पडद्याकडे बघत उभा होता. "रफूवाली, चहा गार झाला तुझा. आणि या पुलाचं काय? साहेब दोनदा येऊन गेले." पूल पादचाऱ्यांचा होता, कालव्यावरचा, आणि त्याच्या ठिपक्यांची ओळ मधे मधे लांब तुटलेली होती. "हा इतका गप्प का बसतो?" तिनं विचारलं, काहीतरी विचारायचं म्हणून. "त्याची डबी ऊन खाते," आजोबा म्हणाला. "वर पट्टी आहे ना, उन्हावर चालणारी. ढग आले की बिचारी उपाशी." "मग वाऱ्यावादळात?" "वादळात झोपते. तुला मला नाही मिळत अशी नोकरी." तो हसत निघून गेला. ती पडद्याकडे बघत राहिली. पूल वाऱ्यात हलतो. वारा येतो तेव्हा ढग असतात. ढग असतात तेव्हा डबी झोपते. म्हणजे पूल जेव्हा जेव्हा हादरला असेल, नेमका तेव्हाच ठिपका नव्हता. उरलेले सगळे ठिपके स्वच्छ उन्हाचे होते, आणि त्या उन्हाच्या ठिपक्यांना जोडत तिनं वादळांवरून अलगद रेघ ओढून दिली होती, कुठेही न वळणारी. ठिपके कमी पडले होते असं नव्हतं. कितीही असते तरी असेच असते. आणि धाकटा? तो बरा असतो तेव्हाच फोन करतो. असं साधं, असं उघड्या डोळ्यांसमोरचं. बरा असतो तेव्हाच करतो.

आणि हे तिला नव्यानं कळलं असंही नव्हतं. संध्याकाळी घरी जाताना ती बसच्या खिडकीशी डोकं टेकून बसली, तेव्हा गल्लीच्या टोकाचा नळ आठवला. लहानपणी धाकटा पडायचा फार. भिंतीवरून, सायकलवरून, कधी नुसता सरळ रस्त्यावरून. पण रडत घरी आलेला तो कोणाला आठवत नाही. पडला की आधी त्या नळावर जायचा, गुडघे धुवायचा, रक्त थांबेपर्यंत तिथल्या कट्ट्यावर उन्हात पाय पसरून बसायचा, आणि गुडघे सुकले की शीळ घालत घरात शिरायचा. एकदा ती त्याला बोलवायला गेली होती. तो कट्ट्यावर बसलेला, तोंड पांढरं पडलेलं, ओठ घट्ट मिटलेले, आणि तिच्याकडे असा बघत होता की जणू ती न्हाणीघराचं दार लोटून आत आली होती. "जा तू," म्हणाला होता तो. "मी आलोच." आणि ती गेली होती. आई लाँड्रीत रफूचं काम करायची. लोकांच्या कोटांची, शालींची भोकं अशी भरायची की कापडाला स्वतःलाच आठवू नये. रात्री जेवणं झाली की ती धाकट्याची चड्डी मांडीवर घ्यायची, गुडघ्याशी फाटलेल्या पँटी घ्यायची, आणि काही न विचारता भरत बसायची. तो समोर बसून शाळेच्या गमती सांगायचा. आई हसायची. हातात फाटका गुडघा असायचा. रफू करताना ती काहीबाही गुणगुणायची, अर्धं तिच्या आईचं, अर्धं स्वतःनं जोडलेलं:

दूरच्या गं भावाचं
कळावं कसं बाई,
येतो तो वारा बोले,
थांबला बोलत नाही.

घरी आई बटाटे सोलत होती. आता तिला डोळ्यांनी कमी दिसायचं, पण साल अजून एकसंध निघायची, लांब, बोटाभोवती वळत. "आला होता का गं फोन?" "नाही." "येईल. त्याला कामं असतात." ती आईकडे पाहत राहिली. सांगावं का? काय सांगावं? की तो नाही. म्हणजे आहे, पण कुठे ते माहीत नाही. की मी आजवर तुला दिलं ते सगळं उन्हातलं होतं? "तू बोल ना त्याच्याशी, पुढच्या वेळी," ती म्हणाली. "मला त्या यंत्रात त्याचा आवाज चपटा लागतो," आई म्हणाली. "तो तुझ्याशीच बोलू दे. मला तू सांग." आणि तिनं साल ताटलीत सोडली.

दुसऱ्या दिवशी तिनं साहेबांना पुलाचं सांगितलं. साहेब भला माणूस होता. त्यानं सगळं ऐकून घेतलं, चष्मा काढून डोळे चोळले. "पूल उभा आहे ना?" "आहे." "मग?" "मग काही नाही. पण वाऱ्यात तो किती हलतो ते आपल्याला माहीत नाही, आणि आपण माहीत आहे म्हणून रेघ काढून देतोय." "अहो, जे आलंच नाही त्याचं मी काय करू? काय लिहू? न आलेल्या पाहुण्याला ताट वाढू?" तिला हसू आलं, आणि हसता हसता डोळे भरले, तेव्हा साहेब गडबडला. "बरं बरं, ठेवा तशी तुटकी. ओरडतील वरचे. ऐकून घेऊ." तिनं रेघ तुटकी ठेवली. जिथे डबी झोपली होती तिथे कोरं. पण कोरं ठेवल्यानं पूल हलायचा थांबला नव्हता, की किती हलला ते कळलं नव्हतं. खरं बोलण्यानं एवढंच झालं होतं, की आता न कळणं नीट दिसत होतं.

त्याचा फोन आला तेव्हा ती नेमकी त्याच पुलावर होती. डबी बघायला म्हणून आली होती. काडेपेटीपेक्षा जरा मोठी, कठड्याच्या खाली चिकटलेली, अंगावर धूळ. भर दुपार, ऊन मी म्हणत होतं. निराळाच नंबर. "ताई! काय म्हणतेस?" तिनं कठडा धरला. सगळे प्रश्न एकदम आले. कुठे आहेस, काय खातोस, हात का थरथरतात, कोण नंबर पुकारतं, कोणाला पुकारतं. आणि त्याच क्षणी तिला कट्ट्यावरचा तो चेहरा दिसला, ओठ मिटलेला. विचारलं, तर त्याला कळेल की हिला कळलंय. मग तो उन्हातलेही फोन करणार नाही. हातात होते ते एवढेच ठिपके, खोटे म्हणा, चकचकीत म्हणा. तेही जातील. "काही नाही रे," ती म्हणाली. "तू कुठे?" "मी कुठे असणार? घरी. आज सुट्टी टाकली." मागून एक मोठी गाडी गेली, अगदी जवळून. "खुर्ची कशी आहे?" तिच्या तोंडून गेलंच. मग तो हसला. "मस्त आहे. त्यातच बसलोय. वेत जरा सुटलाय एका बाजूनं, बाकी एकदम राजासारखा." "पाय पसरून?" "पाय पसरून."

खाली कालव्याचं पाणी हिरवं, स्थिर होतं. एक कागद त्यावर इतका हळू वाहत होता की नजर काढून परत पाहिल्याशिवाय तो हलतो हे कळत नव्हतं. "ऐक," ती म्हणाली, "माझं एक काम करशील?" "दोन करतो. सांग." "कधी बोलावंसं वाटत नाही ना माणसाला. तेव्हापण फोन लावत जा. बोलू नकोस. मीही नाही बोलणार, काही विचारणार नाही, शपथ. नुसता लावून ठेव. मी धरून बसेन." "वेडी आहेस का गं? न बोलायला कोणी फोन लावतं का?" "तू लाव." तो गप्प झाला. त्या गप्प होण्यात वारा होता, कुठलंसं दार होतं, आणि त्याचा श्वास होता. हसताना तिनं कधी ऐकला नव्हता असा, लहानसा, वरच्या वर घेतलेला. "ठेवतो हं," तो म्हणाला. "ज्याचा फोन आहे तो थांबलाय." या वेळी 'मित्र' न म्हणता तो चुकून खरं बोलला होता. त्याला ते कळलं की नाही, तिला कळलं नाही. तिनं कठडा सोडला तेव्हा तळहातावर गंज उतरला होता. पूल हलत होता का? पायांखाली काहीतरी हलत होतं खरं, पण तिचे पायच असतील.

मग नुसते दिवस गेले. ऑफिस, जिना, बस. आजोबानं नवीन नाव ठेवलं, तुटकरेघी, आणि ते चाललं नाही म्हणून त्यालाच वाईट वाटलं. ती सुट्टी काढून त्या शहरात जाऊन आली. खुर्ची बघितली. एका बाजूनं वेत सुटला होता, अगदी तो म्हणाला तसाच. दारामागची भिंत आता पांढरी झाली होती. फळवाल्याला, रखवालदाराला तिनं त्याचा फोटो दाखवला. दोघंही म्हणाले, "असा नाही, बारीक होता." दवाखान्याच्या आतही गेली. तिथे बाकांवर, स्टुलांवर माणसं बसली होती, कोणी नंबर पुकारत होतं, आणि पुकारलेला माणूस उठला की स्टूल सरकल्याचा आवाज येत होता. ती ऐकत उभी राहिली, आणि मग तिचाही नंबर विचारला गेला तेव्हा बाहेर आली. खुर्ची बसच्या टपावर टाकून घरी आणली. आईनं हातानं चाचपून पाहिली. "कोणाची गं?" "ऑफिसातल्या कोणाचीतरी. टाकून देत होते." आईची बोटं सुटलेल्या वेतापाशी थांबली, मग पुढे गेली. दुसऱ्या दिवसापासून ती तो वेत भिजवून, एकेक काडी ओवून भरायला बसली.

तशाच एका दुपारी फोन वाजला. आई खिडकीशी खुर्ची घेऊन बसलेली, ती स्वतः ताटलीत तांदूळ निवडत होती. निराळाच नंबर. तिनं कानाला लावला आणि "हॅलो" म्हणायला तोंड उघडलं, आणि मिटलं. पलीकडे कोणी बोलत नव्हतं. पाणी होतं कुठेतरी, थेंब थेंब, आणि श्वास. कोणाचाही असू शकला असता. चुकून लागलेला नंबर, खिशात दाबलं गेलेलं बटण. ती बोलली नाही. शपथ घेतली होती. ती तशीच बसून राहिली, फोन कानाला इतका घट्ट लावून की कान दुखू लागला, आणि त्या श्वासाच्या मागोमाग उतरत गेली, जिथवर उतरता येईल तिथवर. पुढे नाही. आत हात घालून त्याला वर ओढावं असं काही नव्हतं तिच्यापाशी. नुसतं धरून बसणं होतं. आईनं हातातली काडी ठेवली. "कोणाचा?" असं तिनं विचारलं नाही. आंधळ्यासारखा हात पुढे केला, आणि तिनं फोन त्या हातात दिला. आईनं तो कानाला लावला. ऐकलं. बराच वेळ ऐकलं, जसं फाटक्या कापडाची कड ती बोटांनी ऐकायची. चपटा आवाज लागतो म्हणायची ती बाई, पण आता आवाजच नव्हता. मग टक् असं झालं आणि फोन बंद झाला. आईनं तो मांडीवर ठेवला. ताटलीवर ऊन सरकत आलं, निवडलेल्या आणि न निवडलेल्या तांदळांवरून सारखंच.

आईनं भिजलेली काडी पुन्हा हातात घेतली, भोकाशी धरली, आणि तिथेच थांबून विचारलं, "तिकडे जवळपास नळ असेल ना गं?"